गुडघा तसा बरा आहे

प्रिय आयोनताईस,

धाकट्या आर्डेनचा नमस्कार, आणि मार्लिसचाही धरावा. (ती इथंच पाठमोरी भांडी घासते आहे. ज्या आवाजात घासते आहे त्यावरून नमस्कार सांगायच्या मनःस्थितीत दिसत नाही, पण म्हणून रीत कशाला मोडा.) तुझी तब्येत कशी आहे? ॲरिझोनात अजून ऊनच असेल. तुझा खांदा, तुझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू आणि पत्त्यांच्या डावाला तुझ्याच शेजारी बसायचा हट्ट धरणारे ते निवृत्त दंतवैद्य, हे तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे मिनेसोटात सगळं ठीक. तळं अजून पुरतं गोठलेलं नाही, तरी आपला क्लिफर्ड नेस बर्फाला भोक पाडून मासे धरायला जाऊन बसला आणि कंबरेपर्यंत आत गेला. बाहेर ओढून काढल्यावर म्हणाला, वाटलं होतं तितकं काही पाणी गार नाही. तेव्हा गावातली माणसं तू सोडून गेलीस तशीच आहेत.

फोन करायचा सोडून हा पत्राचा खटाटोप कशाला, असं तुला वाटेल. त्याचं कारण तूच. जन्मभर मुख्याध्यापक होतीस, खोटं बोलणाऱ्या पोराचा नुसता श्वास ऐकून तू त्याला ओळखायचीस, आणि त्या पोरांत बहुतेक वेळा मीच असायचो. कागदाला श्वास नसतो. शिवाय इकडून तिकडून तुझ्या कानावर काहीबाही गेलं असणारच (आपल्या गावात कुणी कुणाविषयी बोलत नाही, तरी सगळ्यांना सगळं कळतं, हे कसं होतं ते मला अजून उलगडलेलं नाही), म्हणून म्हटलं खरी हकीकत माझ्याकडूनच कळलेली बरी. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून आधीच सांगून टाकतो. गुडघा तसा बरा आहे.

डावा गुडघा बदलायचा हे उन्हाळ्यातच ठरलं होतं. जन्मभर जिल्ह्याची बर्फ ढकलायची गाडी चालवली, क्लच दाबून दाबून तो पार झिजला होता. डॉ. लोवेल हेगस्टॅड सोडून दुसऱ्या कुणाचा विचारही मनात आला नाही. अर्ध्या गावाची अपेंडिक्सं त्यांनी काढली, आईचा खुबा त्यांनी बसवला, आणि चर्चच्या गायकमंडळात ते माझ्या शेजारी उभे राहून खर्जात गातात. त्यांना म्हणे हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो त्याच्या आदल्या दिवशीचा शुक्रवार तेवढा मोकळा होता. आता त्या शुक्रवारी गावातला शहाणा माणूस न्हाव्याकडेसुद्धा जात नाही, कारण न्हाव्याचं चित्त थाऱ्यावर नसतं. पण डॉक्टरांनी विचारलं, चालेल ना, आणि मी म्हटलं, चालेल की. वर मला वाटलं, यंदा आपण लंगडे, दलदलीकाठचं आपलं मचाण रिकामंच राहणार, तर डॉक्टरांनाच म्हणावं, जाऊन बसा. आपल्याकडची रीत तू विसरली नसशील. पहिल्यांदा म्हटलं की माणूस म्हणतो, नको नको. दुसऱ्यांदा म्हटलं की म्हणतो, उगाच कशाला तुम्हाला त्रास. तिसऱ्यांदा म्हटलं की, बरं, आता तुम्ही इतकं म्हणताच आहात तर. (तिकडे वाळवंटात राहून तू पहिल्याच खेपेला हो म्हणायला लागली आहेस असं मार्लिस सांगते. माझा विश्वास बसलेला नाही.) डॉक्टरांनी रीतीप्रमाणे दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतलं, आणि मला फार समाधान वाटलं.

ऑपरेशनला त्यांनी मला पुरतं झोपवलं नाही. कंबरेखालचं बधिर केलं, वर थोडी गुंगी दिली आणि छातीपाशी एक निळा पडदा बांधला. पलीकडून हातोड्याचे आवाज येत होते, कुणीतरी आपल्याच गोठ्याचं छप्पर दुरुस्त करतंय असे. मी गुंगीत छान पडलो होतो, तेवढ्यात पडद्याआडून डॉक्टरांनी विचारलं, “आर्डेन, सकाळचा वारा कुठून असतो रे तुझ्या मचाणावर?” मी म्हटलं, वायव्येकडून, आणि शिडीची मधली पायरी कुजली आहे, जपून. मग नर हरणं कुठून उतरतात, पाणी प्यायला कुठे थांबतात, ओंडक्यामागे की अलीकडे, असं आमचं बराच वेळ चाललं. मध्ये एक नर्स हळूच म्हणाली, “डॉक्टर, तुमचा मास्क नाकाखाली आलाय.” डॉक्टर म्हणाले, हो का, थँक्यू, आणि पुढे विचारलं की पण मग दुपारी ऊन डोळ्यावर येत असेल नाही. ती बिचारी पुन्हा काही बोलली नाही (दोनदा सांगणं म्हणजे भांडणच झालं की). आणि आता जे लिहितो ते वाचून तू खुर्चीतून उठशील, म्हणून आधी नीट बस. अंधाराआधी मचाण एकदा डोळ्यांखालून घालावं असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मीच म्हटलं, “मग आवरा डॉक्टर, हल्ली दिवस लवकर मावळतो.” पाय उघडा टाकून पडलेला पेशंट, आणि तोच सर्जनला घाई करतो आहे. आठवलं की आता माझीच मती गुंग होते, पण तेव्हा ते अगदी माणुसकीला धरून वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला घरी सोडलं. दिवस मावळता मावळता दारात गाडी वाजली. डॉक्टर. शिकाऱ्यांचा भगवा कोट, कोपरापर्यंत हरणाचं रक्त, दाढीत बर्फ, आणि हातात पावाच्या पिशवीत पाठीचं कोवळं मांस, खास आमच्यासाठी. मोठा शिंगाळा नर माझ्या मचाणावरून पाडला होता, तिथंच पोट फाडून साफ केला होता आणि तडक आभार मानायला आले होते. मार्लिसनं कॉफी ठेवली. बसले, बोलले, आणि निघता निघता त्यांचं लक्ष माझ्या गुडघ्याकडे गेलं. पट्टी ओली झालेली. म्हणाले, आलोच आहे तर बघून टाकतो. ताई, सर्जन घरी येऊन जखम बघतो, हे हल्ली या देशात कुणाच्या नशिबी आहे? माझे डोळे भरून आले. मार्लिसचे मात्र डॉक्टरांच्या हातांवर खिळले होते. ती म्हणाली, “डॉक्टर, इकडे बेसिनपाशी साबण आहे.” डॉक्टर म्हणाले, “नको नको, तुम्ही बसा.” ती साबण आणि स्वच्छ टॉवेल घेऊन टेबलापाशी आली आणि म्हणाली, घ्या ना. डॉक्टर म्हणाले, “उगाच कशाला, चांगला टॉवेल खराब होईल.” (आणि हात पँटला पुसले. जी पँट घालून ते सबंध दिवस हरणाच्या पोटाशी गुडघे टेकून बसले होते.) तिसऱ्यांदा म्हणायला मार्लिसनं तोंड उघडलं, पण तोवर पट्टी निघाली होती आणि डॉक्टरांचा अंगठा जखमेवर होता. त्यांनी इथे दाबलं, तिथे दाबलं, छान आहे म्हणाले, आणि तीच पट्टी परत बसवून वरून चिकटपट्टी लावली. चिकटपट्टी कुठली म्हणशील, तर मांस कागदात गुंडाळून फ्रीझरात ठेवताना लावतात ती पांढरी, त्यांच्या खिशातच होती. जाताना त्यांना मी दारापर्यंत पोहोचवायला निघालो, तर म्हणाले, तू उठू नकोस, पेशंट आहेस.

तू विचारशील, तुझ्या तोंडाला काय झालं होतं? हात धुवा म्हणून सांगता येत नव्हतं? ताई, घरी आलेल्या माणसाला, त्यातून मांस घेऊन आलेल्या, त्यातून डॉक्टर असलेल्या माणसाला, तुमचे हात घाण आहेत असं कोणत्या शब्दांत सांगतात ते मला आई-बाबांनी शिकवलं नाही. तुलाही शिकवलं नव्हतं, तू ते कुठे शिकलीस देव जाणे.

पुढे काट्याचा नायटा झाला. गुडघा आधी लाल झाला, मग तापला, मग इतका फुगला की पायजम्यात जाईना. भिडे भिडे पोट वाढे म्हणतात, माझा गुडघा वाढला. रात्री हुडहुडी भरायची, दात वाजायचे, मार्लिसच्या झोपेचं खोबरं व्हायचं. शेवटी तिच्या समाधानासाठी (माझ्या नव्हे) हॉस्पिटलनं दिलेल्या नंबरावर फोन लावला. तो फोन म्हणे दूर टेक्ससमध्ये कुठेतरी उचलतात. गोड आवाजाची मुलगी होती. शून्य ते दहा यात दुखणं किती, असं तिनं विचारलं. आता मला सांग, दहा म्हणजे काय? मका तोडायच्या यंत्रात ज्याचा हात गेला त्या आपल्या इंगव्हाल्डकाकानं डॉक्टरांना पाच सांगितलं होतं, आणि जास्त सांगितलं म्हणून आयुष्यभर त्याला चुटपुट लागून राहिली. त्या हिशेबानं मी दोन म्हटलं. खरं तर दीडच म्हणणार होतो, पण मार्लिस बघत होती. मग ती मुलगी म्हणाली, “डॉक्टरांनी तपासावं असं वाटतंय का तुम्हाला?” मी म्हटलं, नको नको, एवढं काही नाही. आणि ताई, ती म्हणाली, “ठीक आहे, तुमचा दिवस चांगला जावो,” आणि फोन ठेवला. मी रिसीव्हर कानाला लावून तसाच बसलो. दुसऱ्यांदा विचारेल म्हणून वाट बघत होतो. तिकडून नुसतं घूं घूं. एवढ्या मोठ्या देशात आजारी माणसाला एकदाच विचारून सोडून देतात, याचा मला त्या दुखण्यापेक्षा मोठा धक्का बसला. मार्लिस म्हणाली, परत लाव. मी म्हटलं, आता परत लावला तर मघाशी नको म्हणालो ते खोटं ठरेल.

अशात चर्चचं ल्युटेफिस्कचं जेवण आलं. मी जायला नको होतं, पण दरवर्षी कॉफीच्या किटल्यांशी मीच उभा असतो, मी नाही दिसलो तर लोकांना वाटलं असतं की काहीतरी झालंय. त्या दिवशी तिथला वास तुला आठवत असेलच. क्षारात फुगवलेले वाळके मासे तळघरात उकळायला लागले की दारातून आत येताना नव्या माणसाचे डोळे पाणावतात, आणि आपण म्हणतो, वा. यंदा मी ज्या टेबलाला बसलो तिथे जरा जास्तच होता. एकजण म्हणाला, यंदाचा मासा कडक आहे. दुसऱ्यानं सांगितलं, नॉर्वेत असाच लागतो, हाच खरा. समोर डॉक्टर बसले होते, तेही म्हणाले, लहानपणची आठवण झाली. मार्लिस माशाकडे बघेना, माझ्या मांडीकडे बघत होती. आणि मी वितळलेल्या लोण्याचं भांडं पुढे सरकवायला म्हणून जरा उठलो, तशी आत काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि पँट गुडघ्यापासून बुटापर्यंत गरम ओली झाली. सगळ्यांनी खाली पाहिलं. मग एक बाई हळूच म्हणाल्या, लोणी सांडलं वाटतं. सगळ्यांना हायसं वाटलं. डॉक्टरसुद्धा म्हणाले, हो, लोणीच. कुणीतरी रुमाल दिला. मीही लोणी म्हणून पुसायला लागलो, देवाशपथ.

तिथे आपल्या नव्या पाद्रीबाई हातात ट्रे घेऊन उभ्या होत्या. टमारा गिब्ज त्यांचं नाव, शिकागोकडच्या आहेत, अजून वर्ष झालेलं नाही, त्यामुळे त्यांना इथलं वळण नाही. त्यांनी ट्रे खाली ठेवला, वाकून पाहिलं आणि सबंध तळघराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आर्डेन, हे लोणी नाही. हा पू आहे. ऊठ.” ताई, जेवणाच्या टेबलावर, मासे समोर असताना, हा शब्द. कुणाचा काटा वर गेला तो वरच राहिला. मी म्हटलं, आधी कॉफी तरी वाढतो. त्या म्हणाल्या, “मी विचारत नाहीये.” आणि मला काखेत धरून गाडीत घातलं. मला अजून आठवलं की कानशिलं तापतात.

डुलुथला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉ. प्रेंटिस म्हणजे तरुण बाई आहेत, कंबरेवर हात ठेवून बोलतात. त्यांनी ती पांढरी चिकटपट्टी बघितली आणि विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, चिकटपट्टी. त्या म्हणाल्या, कसली? मी म्हटलं, चांगली आहे, फ्रीझरातसुद्धा सुटत नाही. मग त्यांनी जखम धुतली आणि चिमट्यात काहीतरी धरून दिव्यापाशी नेलं. “तुमच्याकडे कुत्रा आहे का?” मी म्हटलं, नाही. “मांजर?” नाही. मार्लिस पुढे झाली, तिनं बघितलं. तिनं जन्मभर माझी हरणं सोलली आहेत. ती अगदी शांतपणे म्हणाली, “हरणाचा केस आहे.” मी हबकलो. माझ्या गुडघ्यात हरणाचा केस, आणि तोही माझ्याच मचाणासमोरच्या हरणाचा. मी बोलून गेलो, माझाच असेल, हल्ली पांढरे झालेत. डॉ. प्रेंटिस यांनी माझ्याकडे असं पाहिलं की तूच आठवलीस. मग सगळं विचारून घेतलं, मार्लिसनं सगळं सांगितलं (आवाज खाली ठेवून, पण सगळं), आणि बाईंनी तो शब्द उच्चारला. निष्काळजीपणा. खोलीचं दार सताड उघडं असताना. बाहेर आपल्याकडचं कुणी असतं तर?

त्यांचं म्हणणं असं की विष आत बसवलेल्या धातूपर्यंत पोचलं आहे. सगळा नवा गुडघा काढायचा, पोकळीत औषध भरून ठेवायचं, महिनोन्महिने सुया, आणि मग पुन्हा नवा बसवायचा. लगेच. नाहीतर पाय जाईल, आणि पाय वेळेत गेला नाही तर मी जाईन. असं तोंडावर सांगितलं. मी म्हटलं, विचार करून सांगतो. त्या परक्या मुलुखातल्या, त्यांना खरंच वाटलं की मी विचार करणार आहे. पू काढून, दंडात औषधाची नळी ठेवून त्यांनी मला ठेवून घ्यायचं म्हटलं, पण स्वतःच्या जबाबदारीवर जातो अशी मी सही केली आणि पाद्रीबाईंना घरी सोडायला लावलं. वाटेत पाद्रीबाई एकदा स्टिअरिंगवर हात आपटून काहीतरी म्हणाल्या, ते पाद्र्यानं म्हणायचं नसतं.

गावात परत येतो तर काय. आपल्याकडे मयत असो, बाळंतपण असो, कुणाचं कोठार जळो, दुसऱ्या दिवशी ओट्यावर हॉटडिशची झाकलेली भांडी येऊन बसतात. या खेपेलाही आली, खालून कीमा, वरून बटाटे. पण ती डॉक्टरांच्या ओट्यावर. त्यांना फार वाईट वाटतंय म्हणून. आमच्याकडेही दोन आली (लहान भांडी होती). डॉक्टरांच्या दारात म्हणे पाय ठेवायला जागा उरली नाही. आणि कळस म्हणजे मार्लिसनंही एक करून नेली. नुसती ठेवून यायची, तर तासभर तिथेच होती, आणि आपलं भांडं विसरून आली. मार्लिस आणि भांडं विसरते. त्या दिवसापासून ती अशी आपटून आपटून घासते आहे.

मार्लिसनं भांडं नेलं त्याआधीच डॉक्टर स्वतः आमच्याकडे येऊन गेले होते. टोपी हातात. बसा म्हटलं तर बसेनात. म्हणाले, “आर्डेन, इथंच गुरुवारी मीच उघडून स्वच्छ करून देतो, तुझी तयारी असेल तर.” मी म्हटलं, नको नको, तुम्हाला कशाला. ते म्हणाले, नाही, माझं कर्तव्य आहे. मी म्हटलं, तुमच्या मागे कामं असतील. त्यांनी टोपी गोल गोल फिरवली आणि तिसऱ्यांदा म्हणाले, खरंच, देतो करून. मग मी म्हटलं, बरं, तुम्ही इतकं म्हणताच आहात तर. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. गहिवरून आलं असणार. बिचाऱ्यांचे आपल्या सगळ्यांवर किती उपकार आहेत, आणि त्यांना टाकून डुलुथला गेलो तर सगळं गाव म्हणेल की आम्हा क्वाले मंडळींनी डॉक्टरांना दोष दिला. पुढच्या रविवारी गायकमंडळात त्यांच्या शेजारी उभा कसा राहू? मार्लिसला हे पटत नाही. काल तर ती माझ्यावर ओरडली. मार्लिस, आयोनताई. इतक्या वर्षांत मला तिचा तो आवाज माहीतच नव्हता. मी इतका चकित झालो की तिला म्हटलं, थोडी कॉफी घेतेस का?

तर असं सगळं आहे. काळजीचं कारण नाही. येत्या गुरुवारी डॉक्टर करून टाकतील, म्हणजे विषय मिटला. ताप थोडा आहे, दुखणं म्हणशील तर दोन. तू मुळीच निघू नकोस. विमान, त्यात रस्त्यावर बर्फ, उगाच कशाला. खांद्याला जप. त्या दंतवैद्यांना माझा नमस्कार सांग, पण फार आग्रहानं सांगू नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
आर्डेन

ता. क. आमच्या फ्रीझरात हरणाचं पाठीचं मांस अजून तसंच आहे. मार्लिस ते रांधत नाही आणि टाकतही नाही. तू येणार असतीस तर तुला केलं असतं, पण तू येऊ नकोस.

ता. क. दुसरा. सहज आठवलं म्हणून विचारतो, याचा वरच्या कशाशी संबंध नाही. चर्चमागे दफनभूमीत आई-बाबांच्या शेजारी जी एक मोकळी जागा आहे, ती बाबांनी तुझ्या नावावर केली होती की माझ्या? मला वाटतं तुझ्या. तू आता तिकडचीच झालीस, तुला ती लागणार नसेल तर बघ. लागणार असेल तर प्रश्नच नाही, मी कुंपणाकडेही चालेन. घाई मुळीच नाही, पण गुरुवारच्या आत कळलं तर बरं.

ता. क. तिसरा. आयोनताई, मी मार्लिस. पाकीट बंद करून त्यानं मला टाकायला दिलं होतं. मी ते पाद्रीबाईंच्या स्वयंपाकघरात किटलीच्या वाफेवर उघडलं. उघडताना लाज वाटली, वाचून झाल्यावर गेली. पाद्रीबाई ते उद्याच तुमच्या हातात पडेल अशा टपालानं पाठवत आहेत. इथून फोनही करता आला असता, पण तुम्ही कशी आहेस विचारलं असतंत, मी आम्ही मजेत आहोत म्हटलं असतं आणि ठेवून दिला असता. मला माझी खात्री आहे.

ताप थोडा नाही. काल त्यानं मला दोनदा आईच्या नावानं हाक मारली. डॉक्टर गहिवरले होते म्हणून लिहितो, पण ते गहिवरले नव्हते, घाबरले होते. भांडं घेऊन मी गेले, तेव्हा ते टेबलाशी बसले होते आणि समोरच्या एकाही भांड्याचं झाकण उघडलेलं नव्हतं. मला म्हणाले, “मार्लिस, तुमच्याकडे आलो ते म्हणायचं म्हणून म्हणायला आलो होतो. तो नको म्हणेल, डुलुथला जाईल, हे मी धरूनच चाललो होतो. तिसऱ्यांदा तो हो म्हणाला. माझ्याच हातानं वाट लागली आहे त्या गुडघ्याची, मला परत त्याला हात लावायचा नाही.” मी म्हटलं, मग त्याला तसं सांगा. तर म्हणाले, कसं सांगू, त्याला वाईट वाटेल. घरी येऊन मी आर्डेनला सगळं शब्दन्‌शब्द सांगितलं. तो म्हणाला, डॉक्टर भिडेनं तसं बोलले असतील, आता मी माघार घेतली तर त्यांना वाईट वाटेल. एकमेकांना वाईट वाटू नये म्हणून हे दोघे गुरुवारी माझ्या नवऱ्याला मारणार आहेत.

डुलुथच्या बाईंनी बुधवारपर्यंत जागा राखून ठेवली आहे. पाद्रीबाईंची गाडी तयार आहे. तो माझं ऐकत नाही, जन्मभर त्यानं फक्त तुमचंच ऐकलंय. फोन करा. समजावू नका, विचारू नका, शाळेतल्या आवाजात जा म्हणून सांगा. आणि ती जागा तुमच्या नावावर असो नाहीतर त्याच्या, त्याला देऊ नका.